दुकानाबाहेरची कुत्री आणि आमच्या वहिनी

आमच्या वहिनींनी जन्मात कधी कुत्रं पाळलं नाही. तरी कुठल्या कुत्र्याला कानामागे खाजवलेलं आवडतं, कुठलं जरा आवाज चढवला की रुसून बसतं आणि कुठलं स्वतःच्या मालकापेक्षा शहाणं आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मालकांची नावं मात्र विचारू नका. "तो करड्याचा माणूस," "ती लांबकान्याची आई," असंच सगळं चालतं. एकदा करड्याचा माणूस एकटाच समोरून गेला, तर बाईंनी त्याला ओळखलंच नाही. मी सांगितल्यावर म्हणतात, "अगंबाई! कुत्र्याशिवाय कसा वेगळाच दिसतो हो!"

मी किल्लीवाला. मोठ्या दुकानाच्या दाराला लागून भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात आमचं बस्तान. डाव्या हाताला माझं किल्ल्या कापायचं मशीन, उजव्या हाताला वहिनींचं शिलाई मशीन. ते खरं तर आमच्या दादाचं. दादा बॅगा शिवायचा, चेन बदलायचा. तो गेला तेव्हा ते मशीन विकून टाकावं असं माझ्या मनात आलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी येऊन बघतो तर बाई माझ्याआधी येऊन मशीनवर बसलेल्या. म्हणाल्या, "भावोजी, तेलाची बाटली कुठे असते?" तिथेच विषय संपला.

माझा स्वभाव तापट आहे, असं घरचे म्हणतात. मी तापट नाही. लोक वेड्यासारखे वागतात, त्याला मी काय करू? आता हेच बघा. मोठ्या दुकानात सुईपासून पलंगापर्यंत सगळं मिळतं. दार काचेचं, आपोआप उघडणारं, आणि त्यावर कुत्र्याचं चित्र काढून वर लाल रेघ मारलेली. म्हणजे प्राण्यांना बंदी. ठीक आहे, दुकान त्यांचं आहे. पण मग लोकांनी कुत्री घरी ठेवून यावीत की नाही? छे! फिरवायला म्हणून निघणार, वाटेत साबण संपल्याची आठवण होणार, आणि कुत्रं बांधणार कुठे? आमच्या कोनाड्यासमोर सायकली लावायला लोखंडी दांडा आहे, त्याला. मालक आत गेला की याचं रडगाणं सुरू. मी इकडे किल्ली कापतोय, मशीन घर्र करतंय, तिकडे हे भुंकतंय. एकदा तर माझ्या हातून किल्लीचा एक दाता जास्तीचा कापला गेला आणि एक बिचारे गृहस्थ स्वतःच्याच घराबाहेर ताटकळले.

त्याच सुमाराला करड्या दांड्याभोवती गोल गोल फिरून असा गुंडाळला गेला की त्याची मान खाली आणि शेपटी वर. वहिनी मशीनवरून उठल्या. मी म्हटलं, "वहिनी, चावेल तो!" त्या म्हणाल्या, "चावायला त्याचं तोंड मोकळं आहे कुठे?" त्यांनी त्याला उलटं फिरवत फिरवत सोडवलं आणि पट्टा हातात धरून आपल्या शेजारी बसवलं. तेव्हापासून हे सुरू झालं.

बघता बघता सगळ्या बाजाराला कळलं. जो तो दुकानात शिरायच्या आधी आमच्याकडे वळायचा, "काकू, जरा धरता का?" वहिनींनी बॅगेचं जुनं जाड कापड खाली अंथरलं, एक पसरट भांडं घासून पाण्याला ठेवलं. शिवता शिवता त्यांच्या गप्पा चालायच्या. "काय रे, आज आंघोळ झालेली दिसते. आवडली नाही ना? मलाही थंडीत नाही आवडत." कोणी पैसे द्यायला लागलं की बाई म्हणायच्या, "बॅग फाटली की आणा, तिचे घेईन. याचे कसले पैसे?" मी दातओठ खायचो. आपल्याला कुत्र्यांचं तसं काही नाही हो. म्हणजे भीती वाटते, पण ते आपण चारचौघांत सांगत नाही. मी माझं स्टूल भिंतीला टेकवून पाय वर घेऊन बसायला लागलो. कोणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, एवढी हौस आहे तर घरी एखादं का पाळत नाहीत? तिथेच तर घोडं अडलंय. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वहिनी, मी आणि माझी बायको. बायकोला केसांचा त्रास. कुत्र्याचा एक केस नाकाजवळ आला की तिच्या शिंका सुरू होतात, मग डोळे लाल, मग श्वासाची घरघर. वहिनी संध्याकाळी घरी आल्या की दाराबाहेर उभ्या राहून ब्रशने अंगावरचे कपडे झाडतात, आत शिरल्या की आधी आंघोळीला जातात, मगच स्वयंपाकघरात. कधी कंटाळा केला नाही, कधी कुरकुर नाही. एकदाच, जेवताना, त्यांनी चाचरत विषय काढला होता. "अगदी छोटंसं असलं तर? आखूड केसांचं?" माझी बायको तोंड उघडणार, तोच तिला नुसत्या कल्पनेनेच एक सणसणीत शिंक आली. सगळ्यात जास्त वहिनीच हसल्या. हसता हसता त्यांनी ताटातलं संपवलं आणि तो विषय पुन्हा म्हणून काढला नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याला जी काही कुत्री होती ती एवढीच, लोकांची, सामान घेऊन होईपर्यंतची.

गर्दी वाढली तशी वहिनींनी एक युक्ती काढली. जॅकेटची चेन असते ना, ती खालून पूर्ण सुटते आणि दोन पट्ट्या वेगळ्या होतात. तसल्या चेनचे तुकडे त्यांच्याकडे ढीगभर. त्यातली एक पट्टी कुत्र्याच्या पट्ट्याला बांधायची, दुसरी मालकाच्या हातात द्यायची. मालक परत आला की दोन पट्ट्या जोडून बघायच्या. चेन लागली की कुत्रं तुमचं. लोकांना भारी कौतुक वाटायचं. मीसुद्धा मनात म्हटलं, वा, बाईंचं डोकं चालतं. पण तोंडावर बोललो नाही, उगाच चढून बसायच्या.

आता दाताचे डॉक्टर आणि गाण्याच्या बाई, दोघांकडेही पांढरं, गुबगुबीत, उशीसारखं कुत्रं. दोघं एकाच वेळी आले. वहिनींनी दोघांना पांढरी चेन दिली. पांढऱ्याला पांढरी, शोभून दिसते म्हणून! डॉक्टर घाईत बाहेर आले, पट्टी पुढे केली, वहिनींनी हाताशी असलेल्या कुत्र्याच्या पट्टीला जोडली, रनर वर ओढला, चेन झर्रकन लागली. "हे घ्या तुमचं बाळ." मागून गाण्याच्या बाई आल्या. त्यांचीही लागली. दोघं आपापल्या वाटेने.

थोड्या वेळाने गाण्याच्या बाई रडवेल्या होऊन धावत आल्या. "काकू, याला काहीतरी झालंय हो! मी पेटी काढून सूर लावला की रोज हा माझ्याबरोबर गातो. आज सूर लावल्यावर पलंगाखाली जाऊन बसला!" आणि तेवढ्यात तिकडून डॉक्टर. घामाघूम. त्यांच्या कुत्र्याने आज दवाखान्यात कमाल केली होती. यांनी दात कोरायचं यंत्र चालू केलं की हा मान वर करून त्या सुरात सूर मिळवायचा. खुर्चीवरच्या पेशंटला वाटलं आपणच ओरडतोय, आणि तो तोंडात कापूस घेऊन पळाला.

मला आधी हसू आवरेना, मग मी वहिनींवर डाफरलो. "वहिनी, एकाच रिळातली चेन! कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला लागणार! आयुष्यभर चेन बसवताय आणि एवढं कळलं नाही?" वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो, मी चेनकडे बघत होते. चेन इतकी छान लागली की मला शंकाच आली नाही. आणि मागून दोघंही सारखेच दिसतात." डॉक्टर आणि गाण्याच्या बाई आपापल्या पांढऱ्या उश्या छातीशी धरून आमच्या कोनाड्यासमोर इतके हसले की दुकानाचा दरवान बघायला आला. त्यानंतर चेनचे रंग वेगवेगळे झाले.

असं सगळं मजेत चाललेलं, आणि मोठ्या दुकानात नवीन मॅनेजर बाई आल्या. तरुण पोर, पण बोलायला गोड आणि कामाला चोख. तिच्याकडे रोज कोणी ना कोणी जाऊन सांगायचं की कुत्र्यांना आत घ्या. तिने जाहीर केलं, शनिवारी दुकान उघडायच्या आधी दारासमोर जमा, ज्याला जे म्हणायचंय ते म्हणा, मग मी ठरवीन.

मला घोरच लागला. तुम्ही म्हणाल, याला काय, कुत्री गेली तर सुटला. अहो, मला कुत्र्यांचं नव्हतं पडलेलं, वहिनींचं होतं. दादा गेल्यावर त्या किती दिवस कामापुरतं सोडून बोलतच नव्हत्या. नुसतं मशीन चालवायच्या. करड्या त्यांच्या पायाशी बसायला लागला तेव्हा त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या, आणि त्याच्याशी बोलता बोलता आमच्याशीही बोलायला लागल्या. आता कुत्री मालकाबरोबर आत जायला लागली तर आमच्या कोनाड्याकडे कोण फिरकणार? सगळं आपोआप बंद. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "वहिनी, तुमची कुत्री जाणार. शनिवारी तोंड उघडा. तुमचं सगळे ऐकतात. आत नको म्हणा, बाहेर आमच्याकडे छान राहतात म्हणा."

"बघू," त्या म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

शनिवारी ही गर्दी! मॅनेजर बाई पायरीवर उभी, आम्ही सगळे खाली. एक आई कडेवरचं मूल घेऊन पुढे आली. तिच्या पोराला कुत्रं दिसलं की तो घामाने भिजतो, मग तिने सामान आणायचं कुठून? मी जोरात म्हणालो, "बरोबर आहे!" गुडघ्याबद्दल काही बोललो नाही. मग काठी टेकत एक आजोबा आले. म्हणाले, घरी आम्ही दोघंच, मी आणि हा म्हातारा कुत्रा. त्याला एकटं ठेवलं की तो दाराशी लघवी करून ठेवतो आणि मला वाकून पुसता येत नाही. एका बाईंनी टोपलीतली मांजर वर उचलून दाखवली आणि हिने कुणाचं काय घोडं मारलंय असं विचारलं. मांजरीने सगळ्यांकडे अशी नजर टाकली, जणू आमच्यापैकी एकही तिच्या पसंतीला उतरला नाही.

माझी बायकोही आली होती. ती म्हणाली, "माझं कुणाशी वैर नाही. पण भाजी घेताना मला श्वास घेता आला पाहिजे की नको?" लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. मी वहिनींना कोपराने ढोसलं. "बोला आता."

वहिनी पुढे झाल्या. हातात अर्धी शिवलेली बॅग तशीच होती. सगळे ऐकायला पुढे सरकले, कारण तिथल्या निम्म्या लोकांची कुत्री त्यांच्या हाताखालून गेलेली.

"माझ्याकडे ती मजेत असतात, असं तुम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या. "मलाही वाटायचं. मी पाणी देते, बोलते, खाजवते. पण खरं सांगू का? मला त्यांची तोंडं कधी दिसतच नाहीत. पाठी दिसतात. सगळ्यांची तोंडं या दाराकडे. दार उघडलं की कान उभे. दुसरंच कोणी आलं की कान खाली. पुन्हा दार, पुन्हा कान. मी बिस्किट दिलं तर खातात, पण खातानाही दाराकडेच बघतात. मी म्हणते, येईल रे, आत्ता येईल. त्यांना काय कळतंय आत्ता म्हणजे किती ते?"

मला वाटलं झालं, आता मुद्द्यावर येतील.

"आमचे हे शेवटी दवाखान्यात होते, तेव्हा मी अशीच एका दाराबाहेर बसले होते. आत यायचं नाही म्हणाले. त्यांचं बरोबरच असेल, नियम असतात. पण दार उघडायचं आणि दुसरंच कोणीतरी बाहेर यायचं. ते मला अजून विसरता येत नाही. तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांची सोय बघा, माझ्या जाऊबाईला श्वास घेता येईल असं बघा. पण जमेल तिथे त्यांना आत सोडा, बाई. ती माझी नाहीत. ती तुम्हा लोकांची आहेत."

ढोसायला पुन्हा उचललेलं कोपर मी खाली घेतलं. माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला होता. या वेळी शिंक नव्हती.

मॅनेजर बाईने ठरवलं ते असं. खालचा मजला, जिथे साबण, भांडी, अवजारं, गाद्या, बॅगा, तिथे कुत्र्यामांजरांना पट्ट्याने किंवा टोपलीत मोकळीक. खाण्याचं सामान वरच्या मजल्यावर, तिथे बंदी कायम, आणि ज्यांना प्राणी नकोत त्यांच्यासाठी बाजूच्या दाराने वेगळा जिना. दरवानाने ओल्या फडक्याने दारावरचं चित्र पुसायला घेतलं. घरी जाताना मी वहिनींना म्हटलं, "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. आता बसा रिकाम्या." त्या म्हणाल्या, "रिकाम्या कशाला? चेन आहेत की."

सोमवारी आत नुसता धुमाकूळ. आम्हाला काचेतून सगळं दिसत होतं. लांबकान्या गादीच्या विभागात गेला आणि सगळ्यात महागड्या गादीवर जाऊन झोपला. त्याच्या आईने ओढलं, दरवानाने ओढलं, शेवटी उचलून आणावा लागला. आरशात स्वतःला बघून एका कुत्र्याने इतकी आरडाओरड केली की शेवटी स्वतःच दमला. सरकत्या जिन्यापाशी चुकून पोचलेल्या दोन पांढऱ्या उश्या आणि त्यांचे मालक, चौघंही घाबरून उभे. ते काठीवाले आजोबा मात्र आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन भांड्यांमधून असे रमतगमत चालले होते, की जणू दोघं सहलीला आलेत. एक किटली उचलायची, त्याला दाखवायची, ठेवायची.

मी हसत होतो आणि मध्येच वहिनींकडे बघत होतो. त्या खाली मान घालून शिवत होत्या. सकाळी आल्या आल्या त्यांनी पाण्याचं भांडं भरून ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. खालचं कापड अंथरलं, पण त्यावर कोणी नव्हतं. मी पाय खाली सोडून बसलो होतो, तेही मला बरं वाटेना. एवढ्या शांततेत किल्ली कापायची सवय राहिली नव्हती.

मग दार उघडलं आणि करड्या बाहेर आला. त्याचा माणूस त्याच्या शेजारी, हातात सामानाची पिशवी. मला वाटलं आता सरळ घरी जातील. करड्या दोन पावलं गेला, थबकला, आणि त्याने आपल्या माणसाला असा हिसका दिला की पिशवीतले साबण खाली पडले. तो थेट वहिनींपाशी आला, कापडावर बसला आणि हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. त्याचा माणूस शेजारीच उभा होता, साबण गोळा करत. दाराशी आता करड्याचं काही काम राहिलं नव्हतं. त्याने मान वर केली आणि वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिला.

मशीन थांबलं.

"काकू, घाई नाही मला," करड्याचा माणूस म्हणाला. "बसू का जरा? हा काही इतक्यात हलायचा नाही." मी माझं स्टूल त्याला दिलं आणि उभा राहिलो. कुत्रं हाताच्या अंतरावर होतं तरी मी उभा राहिलो, हे लक्षात घ्या. दारातून लांबकान्या येत होता, त्याच्यामागे पांढऱ्या उश्या, आणि सगळ्यांचे पट्टे आमच्याच दिशेने ताणलेले. मालकांना कुठे जायचंय हे कोणी विचारतच नव्हतं.

वहिनींनी दोन्ही हातांनी करड्याचं तोंड धरलं. रडत होत्या की हसत होत्या मला कळेना, बहुतेक दोन्ही.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "इकडे या, याचे डोळे बघा. मधासारखे आहेत हो. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं."